निकृष्ट केबलिंग

वहिनींनी आपल्या दिरावर डूख धरला होता आणि ही गोष्ट त्यांनी कुणापासून लपवली नव्हती. सासूबाईंना तोंडावर सांगितलं होतं, शेजारणीला जिन्यात गाठून सांगितलं होतं, आणि दातांच्या डॉक्टरनं "झोपेत दात खाता का हो?" असं विचारलं तेव्हा त्यालाही दिराचं नाव, हुद्दा आणि कर्तृत्व ऐकवलं होतं. राग धरून काय मिळतं, असं विचारणारी माणसं भेटतातच. त्यांच्या पोटावर कुणी पाय दिलेला नसतो, एवढंच. वहिनींना त्या रागानं दोन वर्षं सकाळी वेळेवर उठवलं होतं आणि शिडीवर चढवलं होतं.

त्यांना वहिनी म्हणायला सुरुवात केली ती याच दिरानं, आणि त्याचं ऐकून सगळा बाजार म्हणू लागला. लग्न होऊन त्या घरात आल्या तेव्हा भावजी दहावीत होते. नवऱ्याचं कचेऱ्यांमधून कॉम्प्युटरच्या केबल टाकून देण्याचं दुकान होतं. भावजी शाळेतून आले की गल्ल्यापाशी अभ्यासाला बसायचे आणि कुणी गिऱ्हाईक आलं की आतल्या खोलीकडे तोंड करून "वहिनी" अशी हाक मारायचे. गिऱ्हाइकांनाही तेच सोयीचं वाटलं. पुढे वहिनी दुकानातून बाहेर पडल्या, शिडीवर चढल्या, छतातून आणि भिंतींतून केबल ओढायला शिकल्या, तरी नाव तेच राहिलं.

काम दोघांनी वाटून घेतलं होतं. वहिनी वर, नवरा खाली. वहिनी केबल ओढून आणायच्या आणि नवरा तिचं टोक क्रिंप करायचा. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात, आठ रंगांच्या. त्या ठरलेल्या क्रमानं नखाएवढ्या प्लगमध्ये बसवायच्या आणि दाबायच्या. एक जरी इकडची तिकडे झाली, किंवा नीट दाबली गेली नाही, तरी पुढचं सगळं फुकट. त्याचा हात असा बसलेला होता की बाजारातले लोक त्याला सोनार म्हणायचे. वहिनींना या नावाचा फार अभिमान होता, पण नवऱ्यासमोर त्यांनी तो कधी दाखवला नाही. उगीच शेफारायला नको.

भावजी शिकले, आणि शिकताना वहिनींनी त्यांची जी उस्तवार केली तिची यादी त्या नंतर दोन वर्षं पाठ म्हणत. परीक्षेच्या दिवसांत स्वतःची खोली त्यांना दिली होती आणि नवराबायको दुकानात केबलच्या गुंडाळ्यांमध्ये झोपली होती. शेवटी भावजी पुलांचे आराखडे काढणाऱ्या एका मोठ्या कचेरीत कॉम्प्युटर विभागाचे प्रमुख झाले. कचेरीनं नवी जागा घेतली तेव्हा तिथल्या केबलचं काम त्यांनीच दादाला मिळवून दिलं. तीन मजले, एकशे बेचाळीस जोडण्या. दोघांनी अडीच महिने तिथे मुक्कामच ठोकल्यासारखं काम केलं. शेवटच्या दिवशी वहिनींनी एकेक जोडणी टेस्टरवर तपासून दाखवली. एकशे बेचाळीसपैकी एकही नापास झाली नाही.

सहा महिन्यांनी त्या कचेरीत सगळं रेंगाळायला लागलं. शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवरून आराखड्याची फाइल उघडायची तर चार चार मिनिटं लागायची. आरडाओरडा झाला, वरून विचारणा झाली, आणि भावजींनी अहवाल लिहिला. त्यातलं एक वाक्य वहिनींना आपल्या जन्मतारखेसारखं पाठ होतं: "निकृष्ट दर्जाचे केबलिंग हेच संथपणाचे मूळ कारण आहे." खाली सही. सहीत आडनाव, आणि तेच आडनाव दुकानाच्या पाटीवर.

अहवालाला पाय फुटले. त्या कचेरीतून दुसरीत, दुसरीतून चौथीत. सख्खा भाऊच असं म्हणतोय म्हटल्यावर विश्वास ठेवायला कुणाला जड जाणार? हातातली तीन कामं गेली, मग दारातली गेली, आणि वर्षाच्या आत दुकानाचं शटर कायमचं खाली आलं. वहिनी टेस्टर घेऊन त्या कचेरीत गेल्या होत्या. त्यांना दारातच अडवलं. बाहेरचं कुठलंही यंत्र कचेरीच्या केबलला लावायचं नाही असा नवा नियम भिंतीवर चिकटवलेला होता आणि त्याखाली पुन्हा तीच सही होती.

नवऱ्यानं तर हातपायच गाळले. भावाशी भांडला नाही, कुणाला जाब विचारला नाही. टोकं दाबायचा क्रिंपर कपाटात टाकला, "मला आता हे जमायचं नाही" म्हणाला, आणि घरातला स्वयंपाक आपल्याकडे घेतला. वहिनी दिराच्या नावानं बोटं मोडायला लागल्या की तो उठून मोरीत भांडी घासायला जायचा. भावाची बाजू घेतोय मेला, असं वहिनींना वाटे, आणि मग थोडा राग त्याच्याही वाट्याला जाई. त्या स्वतः एका ठेकेदाराकडे शिडीवरची कामगार म्हणून लागल्या. संध्याकाळी घरी आल्या की तासभर कॉम्प्युटरची पुस्तकं वाचत. केबल निर्दोष असूनही फाइल रेंगाळते कशी, एवढाच प्रश्न त्यांना होता. सुडासाठी एवढा अभ्यास क्वचितच कुणी केला असेल. त्यांना भावजींच्या हातचं एकच वाक्य हवं होतं, लेखी, सहीसकट: केबलिंगमध्ये दोष नव्हता.

आणि एके दिवशी ठेकेदारानं त्यांना बाजूला घेतलं. त्या पुलांच्या कचेरीतलं सगळं केबलिंग उपटून नवं टाकायचं काम त्याला मिळालं होतं. तो बिचारा अवघडला होता, तुम्हाला दुसरीकडे पाठवतो म्हणाला. वहिनी म्हणाल्या, मीच येणार. ठेकेदारानं बजावलं की तिथे भांडण नको. वहिनींनी सांगितलं, भांडायला कशाला, आपलंच काम आपल्या हातानं उपटायला येतेय. हे त्या इतक्या गोड आवाजात म्हणाल्या की ठेकेदाराची झोप उडाली असणार.

कचेरीत मुख्य बाई नव्या होत्या, तीन महिन्यांपूर्वी आलेल्या. केस आखूड, बोलणं त्याहून आखूड. दुसऱ्या मजल्यावर आराखडे काढणारी माणसं पडद्याकडे बघत गालाला हात लावून बसली होती. त्यांतल्या एका बाईंनी फाइल उघडेपर्यंतच्या वेळात दोन स्वेटर पुरे केले होते आणि तिसरा बाह्यांपर्यंत आला होता. ठेकेदाराची माणसं केबलवरच्या भिंतीतल्या पट्ट्या उचकटायला लागणार तेवढ्यात वहिनी स्विचच्या कपाटासमोर जाऊन उभ्या राहिल्या. जिथे सगळ्या केबल येऊन मिळतात त्या डब्याला स्विच म्हणतात आणि प्रत्येक केबलवरून माहितीचा माल जाऊ लागला की तिथला एक दिवा लुकलुकतो. वहिनींनी स्वेटरवाल्या बाईंना एक फाइल उघडायला सांगितली आणि त्यांचा दिवा निरखला.

दिवा लुकलुकला, थांबला. लुकलुकला, थांबला. सेकंदाला पाच वेळा, शिलाई मशीन चालावं तसा एकसारखा. वहिनींनी वीस वर्षं खराब केबल पाहिल्या होत्या. खराब केबलचा दिवा प्यायलेल्या माणसासारखा चालतो, मध्येच धावतो, मध्येच कोसळतो. तो ताल धरत नाही. इथे कुणीतरी ताल लावून दिला होता.

त्या तडक मुख्य बाईंकडे गेल्या. अर्धा तास द्या, माझा स्वतःचा लॅपटॉप इथल्या केबलला लावून बघू द्या, त्यानंतर म्हणाल ती भिंत फोडते, असं म्हणाल्या. ही खबर भावजींपर्यंत कशी पोहोचली कोण जाणे, पण ते जिना चढून धापा टाकतच आले. दोन वर्षांत वहिनींनी त्यांना एवढ्या जवळून पाहिलं नव्हतं. पोट सुटलं होतं. बाहेरचं यंत्र लावायचं नाही असा नियम आहे, म्हणाले. मुख्य बाईंनी नियम कशासाठी आहे ते विचारलं. सुरक्षेसाठी, म्हणाले. मग माझ्या डोळ्यांसमोर लावू दे, एवढंच बोलून मुख्य बाई खुर्चीवरून उठल्या.

स्वेटरवाल्या बाईंच्या कॉम्प्युटरची केबल वहिनींनी काढली आणि आपल्या जुनाट लॅपटॉपला लावली. लॅपटॉप असा होता की त्याचं झाकण रबरबँडनं धरून ठेवावं लागे. तीच फाइल उघडली. वहिनींचं बोट बटणावरून उचललं जाण्याआधी अख्खा पूल पडद्यावर उभा होता. मग तीच केबल पुन्हा बाईंच्या कॉम्प्युटरला लावली आणि तीच फाइल मागितली. मजल्यावरची सगळी माणसं भोवती जमली. चार मिनिटं सगळे पडद्याकडे बघत राहिले. भावजी खिडकीबाहेर बघत होते. वहिनी भावजींकडे बघत होत्या, आणि लग्नानंतर एवढी सुखाची चार मिनिटं आपल्याला मिळालेली नाहीत असं त्यांना अगदी मनापासून वाटलं.

मग त्यांनी त्या कॉम्प्युटरच्या आतल्या सेटिंगची यादी उघडली. दोन वर्षांच्या वाचनात जिथे जिथे बोट ठेवलं होतं त्या जागा एकेक करून पाहिल्या आणि दोन आकड्यांपाशी थांबल्या. मुख्य बाईंना त्यांनी समजावून सांगितलं ते असं. सर्व्हर फाइल सबंध देत नाही, गठ्ठ्यागठ्ठ्यानं देतो, आणि माल पोचला अशी पोच मागतो. या कॉम्प्युटरनं सर्व्हरला सांगून ठेवलंय, पोच मिळेपर्यंत सहाच गठ्ठे द्यायचे, सातवा द्यायचा नाही. आणि दुसऱ्या एका ठिकाणी या कॉम्प्युटरला कुणीतरी सांगून ठेवलंय, तेरा गठ्ठे आल्याशिवाय पोच द्यायची नाही. सर्व्हर सहा देऊन पोचेची वाट बघतो, हा सातव्याची वाट बघतो. दोघं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे. सेकंदाचा पाचवा हिस्सा गेला की हा कंटाळून पोच देतो, मग पुढचे सहा, मग पुन्हा तेच. एका फाइलीत असं बाराशे वेळा. त्याची होतात चार मिनिटं.

दोन्ही आकडे भावजींनीच घातलेले होते. इंटरनेट वेगवान करायच्या युक्त्या दोन वेगवेगळ्या ठिकाणांहून उचलल्या होत्या. त्यांतली कुठलीही एकटी असती तर एवढा घोटाळा झाला नसता. पण त्यांनी दोन्ही एकत्र करून आपल्या मूळ प्रतीत, म्हणजे नव्या यंत्रावर जशीच्या तशी उतरवायच्या तयार नमुन्यात, घातल्या, आणि कचेरीत येणारा प्रत्येक नवा कॉम्प्युटर त्या प्रतीवरूनच भरला जात होता. त्यामुळे यंत्र बदलून बघा, स्विच बदलून बघा, रोग जागच्या जागी. उरली फक्त केबल, आणि केबल टाकणारे.

मुख्य बाईंनी भावजींना तिथल्या तिथे एका कॉम्प्युटरवर दुरुस्ती करून दाखवायला सांगितलं. भावजी बसले, सात-आठ बटणं दाबली, दोन्ही आकडे काढून टाकले, यंत्र बंद करून चालू केलं. फाइल झटक्यात उघडली आणि मागे कुणीतरी टाळी वाजवली. मुख्य बाई म्हणाल्या, खरा अहवाल उद्या सकाळी माझ्या टेबलावर हवा, केबल उपटायचं काम रद्द, आणि बैठकीला निघून गेल्या.

टाळी वहिनींना ऐकू आली नव्हती. त्या भावजींच्या बोटांकडे बघत होत्या. त्यांना स्वतःला ते आकडे सापडायला वीस मिनिटं लागली होती. भावजींची बोटं कुठेही न अडखळता थेट तिथे गेली होती.

त्या भावजींच्या मागोमाग सर्व्हरच्या खोलीत गेल्या आणि दार लोटून घेतलं. खोली थंड होती, पंख्यांची घरघर चालू होती.

"भावजी, तुम्हाला हे कधीपासून माहीत आहे?"

भावजींनी आधी आढेवेढे घेतले. मग खुर्चीवर बसले आणि जमिनीकडे बघत सगळं ओकले. एक वर्ष झालं होतं. एक यंत्र मूळ प्रतीशिवाय भरलं होतं, ते धावायला लागलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. पण तोवर अहवाल गावभर झाला होता. आता सेटिंग काढली आणि सगळं सुरळीत झालं तर आपलं पितळ उघडं पडेल, म्हणून ते गप्प बसले. नवं केबलिंग पडलं की त्याच दिवशी गुपचूप आकडे काढून टाकायचे, म्हणजे सगळे म्हणतील, बघा, केबलच वाईट होती, असा बेत होता. नव्या केबलिंगचा प्रस्ताव त्यांचाच होता.

वहिनींना हसू आलं, ते त्यांचं त्यांनाच भयंकर वाटलं. म्हणजे पुरावा आपल्याच हातानं उपटून न्यायला त्या शिडी घेऊन आल्या होत्या.

भावजींनी कागद पुढे ओढला. आधी लिहिलं, सेटिंगमध्ये काही बदल झाल्यामुळे संथपणा आला. वहिनींनी विचारलं, झाला म्हणजे, आपोआप झाला का. त्यांनी खोडून लिहिलं, मी केलेल्या बदलांमुळे. मग लिहिलं, केबलिंगमध्ये कोणताही दोष नव्हता व नाही. हे वाक्य वहिनींनी त्यांना मोठ्यानं वाचायला लावलं. दोनदा.

"वहिनी, चूक झाली ते लिहितो," भावजी म्हणाले. "पण वर्षभर माहीत होतं, ते लिहायला लावू नका. नुसत्या चुकीसाठी फार तर बदली होईल. लपवल्याचं कळलं तर घरी बसवतील."

वहिनी विचारात पडल्या. त्यांना दया आली असं कुणी म्हटलं तर त्या तोंडावर नाकारतील. ज्यासाठी आल्या होत्या ते मिळालं होतं, एवढंच. शिवाय हा माणूस दहावीत असताना परीक्षेच्या सकाळी पोटात दुखतंय म्हणून त्यांच्याकडे येऊन उभा राहायचा, तसाच आत्ता बसला होता. राहू दे, त्या म्हणाल्या. एक सहीची प्रत त्यांनी स्वतःसाठी घेतली, मूळ कागद भावजींनी सकाळी द्यायला बॅगेत ठेवला, आणि वहिनी घरी निघाल्या. वाटेत त्यांनी कागद दोनदा काढून वाचला.

नवरा स्वयंपाकघरात बटाटे सोलत होता. वहिनींनी कागद त्याच्यासमोर ओट्यावर ठेवला आणि झालं ते सगळं सांगितलं. दिवा कसा ताल धरत होता, चार मिनिटं कशी गेली, भावजींचं तोंड कसं उतरलं. वर्षभर लपवल्याचं मात्र जिभेवर येऊन राहिलं, कारण आधी त्यांना त्याचा चेहरा खुललेला बघायचा होता. त्यानं हात पुसले, कागद वाचला, पुन्हा पहिल्यापासून वाचला.

"म्हणजे टोकं बरोबर होती?" त्यानं विचारलं.

"मग? मी टेस्टरवर दाखवली नव्हती का सगळी?"

"मला वाटलं, माझा हात गेला." तो खाली स्टुलावर बसला. "तेव्हा बोटांना मुंग्या येत होत्या. तुला सांगितलं नव्हतं. म्हटलं, टेस्टरवर पास झाली तरी आत कुठेतरी सैल राहिली असणार. तू त्याला शिव्या द्यायचीस आणि मला वाटायचं, हिला कसं सांगू, त्याचं खरं आहे. दुकान माझ्या हातानं बुडालंय."

दोन वर्षं हा माणूस भांडी घासायला उठून जात होता, आणि वहिनींना वाटत होतं की तो भावाला पाठीशी घालतोय.

"एकदा विचारलं होतं मी त्याला," नवरा म्हणाला. "तू कामावर होतीस, तो आईला भेटायला आला होता. सहा महिने झाले असतील. सरळ विचारलं, खरं सांग, माझ्या हातामुळे झालं का. तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, दादा, वय होतं रे माणसाचं. त्याबद्दल मनाला लावून घेऊ नको."

"सहा महिने? नक्की?"

नक्की, तो म्हणाला. त्या दिवसानंतरच तर त्यानं क्रिंपर कपाटातून काढून भंगारवाल्याला देऊन टाकला होता.

वहिनींनी ओट्यावरचा कागद उचलला. नवऱ्यानं कुठे निघालीस म्हणून विचारलं, तर एक काम अर्धवट राहिलंय म्हणाल्या. भावजींचं घर पंधरा मिनिटांवर होतं. त्या घराची पायरी दोन वर्षांत त्यांनी चढली नव्हती. जावेनं दार उघडलं, अग बाई वहिनी, म्हणाली, बसा म्हणाली. वहिनी बसल्या नाहीत. भावजी आतून आले. वहिनींनी मूळ अहवाल मागितला, तो जेवणाच्या टेबलावर पसरला आणि सहीच्या वरच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवलं.

"लिहा. हे मला एक वर्षापासून माहीत होते व मी ते लपवले."

"वहिनी, तुम्ही कबूल केलं होतं."

"केलं होतं. तेव्हा मला वाटलं होतं, तुम्ही फक्त कचेरीला फसवलंत. सहा महिन्यांपूर्वी दादानं तुम्हाला काय विचारलं आणि तुम्ही काय सांगितलंत?"

जाऊ एकदा इकडे, एकदा तिकडे बघत राहिली. नोकरी जाईल, मुलांच्या शाळा आहेत, भावजी म्हणत राहिले, आणि वहिनींनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग त्यांनी टेबलावरचं पेन उचलून त्यांच्या हातात दिलं. भावजींनी ते घेतलं, पण कागदाला टेकवेनात.

"दादाला भेटून मी स्वतः सांगतो सगळं," ते म्हणाले. "पाया पडतो त्याच्या."

"त्यानं तोंडानं विचारलं होतं तेव्हा तुमचं सांगून झालंय," वहिनी म्हणाल्या. "आता लिहा."

भावजींनी लिहिलं, आणि वहिनींनी ते उभ्यानंच वाचून घेतलं.